चौकटीची चार लाकडे : संगणकीय वास्तुरेखनातील दार-खिडकीचे घटक आणि त्यांची परिभाषा

दारांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मुंबईच्या उपनगरांतील जोगेश्वरी येथे रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांस सामग्री मिळते. पूर्वेस जोगेश्वरीचे शैव लेणे आहे. ते सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानले जाते. त्याच्या वीस खांबांच्या मंडपाच्या मध्यभागी चार दिशांना चार दारे असलेले गर्भगृह आहे. पश्चिमेस ओशिवऱ्याचा जुन्या लाकूडसामानाचा बाजार पसरलेला आहे. शहरातील जुनी घरे व चाळी पाडल्या जातात तेव्हा त्यांची दारे, चौकटी व खिडक्या अशा बाजारांच्या गुदामांत येऊन पडतात, आणि तेथून नव्या घरांत, उपाहारगृहांत किंवा चित्रपटांच्या देखाव्यांत जातात. असे एखादे सागवानी दार नव्या इमारतीत बसवावयाचे ठरले, की त्याचे माप घेतले जाते आणि वास्तुरेखनाच्या आज्ञावलीत त्याचा एक ‘घटक’ तयार करावा लागतो. कारण आज्ञावलीबरोबर आलेल्या तयार संग्रहात त्या दारासारखे दार नसते.

हे काम वरवर पाहता आरेखकाचे आहे, भाषाभ्यासकाचे नव्हे. परंतु घटक तयार करणे म्हणजे चित्र काढणे नव्हे, तर वर्णन करणे होय. दाराला कोणकोणते भाग आहेत, त्यांपैकी कोणता कोणावर अवलंबून आहे, कोणते माप बदलू शकते आणि कोणते बदलू शकत नाही, हे सर्व नावे देऊन सांगावे लागते. ज्या भागाला नाव दिले गेले नाही तो भाग त्या वर्णनात अस्तित्वातच नसतो. म्हणून कोणत्या भाषेतील कोणती नावे या वर्णनात शिरतात आणि कोणती बाहेर राहतात, हा प्रश्न परिभाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी आपला मानावयास हरकत नाही.

प्रथम घटकाची कल्पना स्पष्ट केली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या नकाशात दार म्हणजे भिंतीच्या दोन रेषांतील खंड, एक तिरकी रेघ आणि एक पाव वर्तुळ. त्या रेघांना आपण दार आहोत याची जाणीव नसते. त्या पुसल्या तरी भिंतीला काही कळत नाही. रेव्हिट, आर्चिकॅड, फ्रीकॅड यांसारख्या आज्ञावलींत मात्र इमारतीची माहितीसह प्रतिकृती उभी केली जाते. तेथे दार भिंतीत ठेवले की भिंत आपोआप कापली जाते, आणि दार काढले की ती पुन्हा भरून येते. निरनिराळ्या आज्ञावलींना परस्परांशी व्यवहार करता यावा म्हणून जी आयएफसी नावाची मानक रचना केली गेली (ती २०१३ साली आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली), तिच्यात हा संबंध दोन पायऱ्यांनी मांडलेला आहे. भिंतीला एक पोकळी छेदते. त्या पोकळीला दार भरते. दार आणि भिंत यांचा थेट संबंध नाही. तो पोकळीच्या मध्यस्थीने आहे. जोगेश्वरीच्या लेण्यातील दारांना ही व्यवस्था लावू पाहिली म्हणजे तिचा अर्थ चटकन ध्यानात येतो. लेण्यातील दार हे खडकातून खोदून काढलेले आहे. तेथे भिंत आणि शाखा एकाच पाषाणाच्या. म्हणजे तेथे छेदणारी पोकळी आहे, पण भरणारे काही नाही. मानकाच्या दृष्टीने ते दार नसून केवळ द्वाररंध्र होय. मराठी बोलणारा मात्र त्याला दारच म्हणतो; ‘दार’ या शब्दात पोकळी आणि झडप हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ‘दारात उभा राहिला’ आणि ‘दार लावले’ हे दोन्ही प्रयोग आपण विनासायास करतो.

घटकाचे दुसरे लक्षण असे की, तो एक वस्तू नसून एक नियम असतो. ही कल्पना नवी वाटण्याचा संभव आहे, पण ती नवी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या प्रासादलक्षणात गर्भगृहाच्या दाराचे जे वर्णन केले आहे ते कोणत्याही एका मंदिराच्या दाराचे नाही. दाराची रुंदी गर्भगृहाच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी; उंची रुंदीच्या दुप्पट असावी; शाखेची, म्हणजे बाजूच्या उभ्या अंगाची, रुंदी उंचीच्या चौथाई असावी आणि उदुंबराचेही माप तेच असावे; शाखांची जाडी त्यांच्या रुंदीच्या चौथाई असावी. गर्भगृह ८ हात रुंद धरले तर दार २ हात रुंद व ४ हात उंच, शाखा १ हात रुंद, उदुंबर १ हात आणि जाडी पाव हात, असे सर्व माप त्या एका आकड्यातून निघते. शाखांची संख्याही तीन, पाच, सात किंवा नऊ यांतून निवडावयाची आहे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर गर्भगृहाची रुंदी हा एकच स्वतंत्र प्राचल आहे. बाकीचे सर्व सूत्रबद्ध आहेत, आणि शाखांची संख्या हा मर्यादित पर्यायांतून निवडण्याचा प्राचल आहे. रेव्हिटमध्ये हा घटक अर्ध्या तासात तयार होईल.

येथे एक उपयुक्त दिशा सुचते. वराहमिहिर सहाव्या शतकातील आणि जोगेश्वरीचे लेणेही त्याच शतकातील मानलेले. त्यावरून लेण्यातील दारे त्या सूत्राप्रमाणेच आहेत असे मुळीच ठरत नाही. शास्त्रग्रंथ आणि छिन्नी यांचे नाते इतके सरळ क्वचितच असते. परंतु सूत्रावरून घटक तयार करून त्यात गर्भगृहाचे मोजलेले माप घातले आणि येणारी आकृती प्रत्यक्ष मोजणीवर ठेवली, तर दोहोंतील अंतर भागाभागाने वाचता येईल. घारापुरीच्या मुख्य लेण्यातील गर्भगृहही चार दारांचे आहे, तेव्हा तुलनेला जोड आहेच. खडक झिजलेला असल्याने काही मापे अनुमानाची राहतील हे खरे. तरी पण घटकाचा असा, गृहीतक तपासण्यासाठी होणारा उपयोग चित्र रंगविण्यापेक्षा अधिक मोलाचा होय.

आता ओशिवऱ्याच्या दाराकडे वळू. समजा, दोन फळ्यांचे एक जुने दार आहे. त्याचा घटक करताना पहिली अडचण ‘रुंदी’ या साध्या शब्दाची येते. कोणती रुंदी? भिंतीतील पोकळीची, चौकटीच्या बाहेरून घेतलेली, चौकटीच्या आतून घेतलेली, की फळीची? सुताराशी बोलताना हा प्रश्न उद्भवत नाही, कारण हात कोठे ठेवला आहे ते त्याला दिसत असते. आज्ञावलीला हात दिसत नाही. एकाच फळीचे दार घेऊन हिशेब पाहू. चौकटीच्या बाहेरची रुंदी १००० मिलिमीटर, दोन्ही बाह्या ६५ मिलिमीटरच्या. तेव्हा आतील मोकळी रुंदी ८७० झाली. फळी बसण्यासाठी प्रत्येक बाहीला १२ मिलिमीटरची खाच असते. म्हणजे खाचेपासून खाचेपर्यंत ८९४. फळी फिरण्यास दोन्ही बाजूंस ३ मिलिमीटरची फट सोडली की फळी ८८८ मिलिमीटरची राहते. ‘रुंदी’ हे एकच नाव चार संख्यांना देता येते आणि चारही वेळा ते बरोबर असते. म्हणून घटक करणारा पहिले काम नामकरणाचे करतो : एका रुंदीला तो स्वतंत्र ठरवितो आणि उरलेल्या तीन तिच्यापासून सूत्राने काढतो. बाजारातील दाराच्या बाबतीत स्वतंत्र माप चौकटीचे धरावे लागते, कारण ती आधीच तयार आहे आणि भिंतीने तिला जुळवून घ्यावयाचे आहे. नव्या कारखानदारी दाराच्या बाबतीत सामान्यतः याच्या उलट असते. शिवाय जुनी चौकट फूट, इंच व सूत यांत घडलेली असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. साडेतीन फुटांची चौकट १०६६.८ मिलिमीटर भरते. ती १०६५ किंवा १०७० अशी ‘नीट’ करून लिहिली, की मूळ कारागिराने कोणत्या एककात विचार केला होता याचा पुरावाच नष्ट होतो.

खिडकीच्या गजांच्या बाबतीत नियमाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. खिडकी रुंद झाली म्हणून गज जाड होत नाहीत, की त्यांतील अंतरही वाढत नाही. गजांची संख्या वाढते. दोन गजांमधील अंतर १०० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यावयाचे नाही असे ठरविले, तर गजांची जाडी तूर्त सोडून दिली असता, ९०० मिलिमीटरच्या खिडकीला ८ गज लागतील आणि १२०० मिलिमीटरच्या खिडकीला ११. गोव्यातील जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांनाही हाच न्याय लागतो. शिंपला निसर्गाने दिला तेवढाच मोठा, तेव्हा खिडकी वाढली की घरे वाढवावयाची. तयार संग्रहातील खिडकी हाताने ताणून रुंद करणाऱ्या नवशिक्याच्या नकाशात गज बोटाऐवजी मनगटाएवढे झालेले दिसतात, ते हा भेद न ओळखल्यामुळे. वाढणे आणि पुनरावृत्त होणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

रेव्हिटमध्ये (१९९७ साली स्थापन झालेल्या एका लहान संस्थेने ही आज्ञावली निर्माण केली, २००० साली तिची पहिली आवृत्ती आली व २००२ साली ती ऑटोडेस्ककडे गेली) घटकाला ‘फॅमिली’ म्हणतात. तिच्या खाली ‘टाईप’ आणि त्याच्या खाली ‘इन्स्टन्स’ अशी उतरंड आहे. दोन फळ्यांचे दार ही फॅमिली. त्यातील साडेतीन फुटी दार हा टाईप. तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक खोलीला प्रत्यक्ष बसविलेले दार हा इन्स्टन्स. व्याकरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पाणिनीच्या एकशेष-सूत्रावरील (१.२.६४) चर्चा आठवेल. कात्यायनाने तेथे दोन आचार्यांचे मत नोंदले आहे : वाजप्यायनाच्या मते शब्द आकृतीचा वाचक असतो, व्याडीच्या मते द्रव्याचा. ‘वृक्ष’ म्हटल्यावर सर्व वृक्षांत समान असलेले रूप सांगितले जाते, की समोरचे झाड? घटक करणाऱ्याला प्रत्येक प्राचलाच्या बाबतीत हाच निर्णय द्यावा लागतो : हे माप टाईपचे की इन्स्टन्सचे? वाजप्यायनाच्या बाजूने जाऊन रुंदी टाईपला दिली, तर एका दाराची रुंदी बदलताच त्या टाईपची सर्व दारे बदलतात. व्याडीच्या बाजूने जाऊन ती इन्स्टन्सला दिली, तर प्रत्येक दार आपल्या मापाचे मुखत्यार होते.

हा निर्णय केवळ तात्त्विक नव्हे. चाळीचा दस्तऐवज करावयाचा असेल, तर एका वेळी एकाच सुतारखान्यात घडलेल्या चाळीस दारांची रुंदी टाईपला देणे योग्य होय. परंतु बाजारातून निरनिराळ्या घरांची दारे एकत्र आणून बसवावयाची असतील आणि त्यांची रुंदी चुकून टाईपला दिली गेली असेल, तर एका चौकटीचे माप दुरुस्त करताना बाकीची सर्व मापे मुकाट्याने बदलतात. आज्ञावली तक्रार करीत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. भिंती त्या मापांनी बांधल्या जातात आणि चूक समजते ती चौकट उचलून पोकळीत धरल्यावर. म्हणूनच घटक वापरात आणण्यापूर्वी त्याची मापे मुद्दाम लहानमोठी करून, कोणता भाग कशाबरोबर हलतो हे पाहण्याची चाल आहे. वैयाकरण नियम रचून झाल्यावर अपवादाचे रूप त्यावर घालून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

आर्चिकॅडची वाट निराळी आहे. ही आज्ञावली बुडापेस्ट येथे १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट या संस्थेची. तिच्यातील प्रत्येक दार किंवा खिडकी ही मुळात एक लिखित संहिता असते, आणि ती जीडीएल या बेसिकच्या घडणीच्या भाषेत लिहिलेली असते. ब्लॉक ही आज्ञा देऊन पुढे तीन संख्या लिहिल्या की तेवढ्या मापांचा ठोकळा उभा राहतो. अ‍ॅडएक्स लिहून संख्या दिली की आरंभबिंदू तेवढा सरकतो, आणि पुढची प्रत्येक आज्ञा त्या नव्या बिंदूपासून मोजली जाते. डेल लिहिले की शेवटचे सरकणे रद्द होते. म्हणजे या भाषेत ‘येथे’ या शब्दाचा अर्थ वाक्यागणिक बदलतो. स्थलदर्शक सर्वनामांचा अभ्यास करणाऱ्याला हा नमुना मनोरंजक वाटेल.

त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, जीडीएलमध्ये दार किंवा खिडकी लिहिताना आरंभबिंदू भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावर, पोकळीच्या तळाशी मधोमध धरलेला असतो आणि तिसरा अक्ष भिंतीच्या आत शिरतो. वर्णन करणारा जणू रस्त्यावर उभा राहून घराकडे पाहत आहे. आयएफसीचा निवेदक मात्र निराळा आहे. दार ज्या दिशेस उघडते ती दिशा त्याने दुसऱ्या अक्षाची धन दिशा मानली आहे, आणि त्या दिशेने पाहिले असता बिजागऱ्या डाव्या हातास असतील तर ते ‘सिंगल स्विंग लेफ्ट’. तो घराच्या आत आहे की बाहेर, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो फक्त दार लोटणारा आहे. एकाच दाराला एक निवेदक डावे म्हणेल आणि दुसरा उजवे. सुतार व कुलपे विकणारे यांच्यात यावरून होणारे वाद जुनेच आहेत. आज्ञावलींनी ते मिटविलेले नाहीत, फक्त प्रत्येकीने आपला निवेदक लपवून ठेवला आहे. मराठीत ‘आत उघडते’ आणि ‘बाहेर उघडते’ असे म्हटले म्हणजे घर हा स्थिर संदर्भ मिळतो; परंतु दोन खोल्यांमधील दाराला तोही उपयोगी पडत नाही.

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येण्यास हरकत नाही. ‘चौकट’ हा शब्द ‘चतुष्काष्ठ’ या शब्दावरून आल्याचे मानले जाते. हिंदीतील ‘चौखट’ हा त्याचा सोदर. ही व्युत्पत्ती स्वीकारली तर शब्दाने लाकडे मोजून ठेवली आहेत : दोन बाह्या, एक वरचे आडवे लाकूड, ज्यावर गणेशपट्टी येते, आणि एक खालचे. ते खालचे लाकूड म्हणजे उंबरठा. उंबर आणि उंबरठा यांचा संबंधही जुना आहे. वराहमिहिराचा ‘उदुंबर’ तो हाच. म्हणजे ज्या चौकटीला उंबरठा नाही तिला चौकट म्हणणे हा एका परीने वदतो व्याघात होय. आजच्या सदनिकांत आतील खोल्यांच्या चौकटी बहुधा तीनच बाजूंच्या असतात, आणि मुख्य दाराशी उंबरठा असला तर तो दगडी पट्टीचा असतो. शब्द टिकला, चौथे लाकूड गेले. भाषेच्या इतिहासात असे होतच असते, आणि त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही.

प्रश्न निर्माण होतो तो जुन्या दाराचे वर्णन नव्या घटकात करताना. रेव्हिटच्या दाराच्या कोऱ्या साच्यात भिंतीतील पोकळी आणि तिच्या तीन बाजूंची पट्टी तयार असते. चौथी बाजू जमिनीची. आयएफसीने उंबरठा विसरलेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चौकटीच्या गुणधर्मांत उंबरठ्याची जाडी व खोली यांना जागा आहे. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि आकडा भरला नाही तर उंबरठा नाही असे समजले जाते. ज्या आरेखकाच्या मनात चौकट म्हणजे तीन बाजू, तो ती जागा रिकामी ठेवतो किंवा लाकडी उंबरठा जमिनीच्या फरशीचा भाग म्हणून रेखाटतो. पुढे दारांची यादी काढली की त्यात उंबरठा येत नाही; लाकडाचा हिशेब काढला की तेवढे सागवान कमी भरते; चाकांच्या खुर्चीला कोठे अडथळा आहे हे शोधले की दारापाशी अडथळा नाही असे उत्तर मिळते. ज्या वस्तूवर धान्याचे माप ठेवले जाते, जी ओलांडून नवी सून घरात येते, तिची नोंद फरशीच्या जाडीत विरून जाते. घटक करणाऱ्याने चौकट चार भागांची करून चौथ्या भागाला स्वतंत्र नाव व स्वतंत्र होय-नाही प्राचल दिला, तर हे सर्व टळते. काम पाच मिनिटांचे आहे. पण ते सुचण्यासाठी शब्दाची मोजणी ठाऊक असावी लागते.

‘खिडकी’ या शब्दाची कथा याच्या उलट आहे. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ म्हणजे बाजूचे किंवा मागचे लहान दार. गुजरातीत ‘खडकी’ हे आजही आळीच्या किंवा घराच्या प्रवेशद्वाराचे नाव आहे, आणि खिडकीला गुजरातीत म्हणतात ‘बारी’, जो शब्द द्वाराच्याच कुळातला. दोन शेजारी भाषांनी लहान दाराच्या निरनिराळ्या शब्दांपासून खिडकीचा शब्द मिळविला. आज्ञावलींनी मात्र दार आणि खिडकी हे दोन स्वतंत्र वर्ग मानले आहेत. एकाचा घटक दुसऱ्याच्या यादीत जात नाही. बहुतेक वेळा हे सोयीचे आहे. परंतु जमिनीपर्यंत आलेली, गॅलरीत उतरू देणारी उंच खिडकी कोणत्या वर्गात घालावी, हा वाद कार्यालयाकार्यालयांत होतो, आणि शब्दाचा इतिहास पाहता तो मिटण्याची आशा कमी आहे.

दिंडी आणि अडसर हे दोन शब्द आज्ञावलीची याहूनही कठोर परीक्षा घेतात. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीतील लहान दार. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला ती आहे. मोठा दरवाजा बंद असता माणसांची ये-जा तिच्यातून होई. भाषेत वाक्याच्या पोटात वाक्य येते तसे येथे दाराच्या पोटात दार आहे. पण आज्ञावलीतील दाराला यजमान म्हणून भिंत हवी असते. दुसऱ्या दाराच्या फळीवर ते बसत नाही. मग दिंडीची फळी वेगळा साधा घटक म्हणून करून मोठ्या दाराच्या घटकात गुंफावी लागते, आणि मोठ्या फळीत तिच्यापुरती पोकळी हाताने कापावी लागते. आकृती बरोबर येते. मात्र दारांच्या यादीत त्या ठिकाणी एकच दार राहते, म्हणजे ज्यातून माणसे प्रत्यक्ष जात असत तेच मोजले जात नाही.

अडसराची गोष्ट अशी की, तो दाराचा भाग असून भिंतीत राहतो. दार उघडे असता तो जाड लाकडी दांडा एका बाजूच्या भिंतीतील पोकळीत सरकलेला असतो. दार लावले की तो आडवा ओढून समोरच्या बाजूच्या भिंतीतील भोकात घालावयाचा. तेव्हा हा घटक भिंतीला एका ठिकाणी नव्हे, तीन ठिकाणी छेदतो : एकदा दारासाठी, एकदा अडसराच्या खोल घरासाठी, एकदा त्याच्या टोकासाठी. जीडीएलमध्ये यासाठी वॉलहोल ही आज्ञा आहे. रेव्हिटमध्ये पोकळ आकृती करून तिने यजमान भिंत कापावी लागते. शिवाय एक अट घालावी लागते : घराची खोली दाराच्या मोकळ्या रुंदीहून कमी असता कामा नये, नाही तर अडसर पूर्ण आत जाणार नाही. ही अट मनात ठेवून नकाशा पाहिला, म्हणजे जुन्या वाड्यांत दाराच्या एका बाजूला भिंत बरीच लांबवर अखंड का ठेवावी लागे, हेही उलगडते. कडी, कोयंडा, खिटी यांची गोष्ट एवढी बिकट नाही. ती फळीला किंवा चौकटीला चिकटलेली असतात.

राहिला प्रश्न नावे कोणती द्यावीत याचा. शासकीय परिभाषेच्या धर्तीवर नवे संस्कृत शब्द घडविण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. अडसर, बाही, गणेशपट्टी, तावदान हे शब्द तयार आहेत आणि त्यांचे अर्थ नेमके आहेत. दुसरीकडे, मुंबईचा सुतार दाराच्या फळीला शटर म्हणतो, बाहेरच्या लोखंडी कडीला अ‍ॅल्ड्रॉप म्हणतो आणि सरकत्या खिडकीच्या पन्हळीला ट्रॅक म्हणतो. तेही मराठीच शब्द झाले आहेत आणि तेच लिहावेत. ‘प्राचल’ हा शब्द या लेखात सोयीसाठी वापरला असला तरी आरेखक त्याला पॅरामीटरच म्हणणार. निकष एकच असावा : ज्याच्या हाती ती वस्तू जाणार आहे त्याला नाव वाचून वस्तू ओळखता आली पाहिजे. जुन्या चाळीच्या नोंदीत ‘शटर’ आणि ‘फळी’ हे दोन्ही शब्द मिळाले, तर एकाला शुद्ध ठरवून दुसरा खोडण्यापेक्षा कोणाच्या तोंडून कोणता आला हे नोंदविणे अधिक शास्त्रीय होईल.

लिपीचा अडसर मात्र आता फारसा उरलेला नाही. जीडीएलच्या संहितेत चलांची नावे रोमन अक्षरांतच लिहावी लागतात. दाराची रुंदी तेथे ए आणि उंची बी. पण प्रत्येक चलापुढे वर्णनाचा रकाना असतो आणि घटक वापरणाऱ्याला तोच दिसतो. त्यात देवनागरी चालते. आयएफसीने दार उघडण्याच्या पद्धतींची ठरावीक यादी दिली असली, तरी तिच्या शेवटी ‘यूझरडिफाइन्ड’ हा पर्याय ठेवला आहे, आणि तो निवडला असता शेजारच्या जागेत स्वतःचा शब्द लिहिता येतो. तेथे ‘दिंडी’ लिहिले तर संचिकेत तो शब्द प्रत्येक वर्णाच्या युनिकोड-क्रमांकांच्या मालिकेत रूपांतरित होऊन साठविला जातो. साध्या संपादकात उघडल्यास ते चिन्हांचे गाठोडे दिसते, परंतु दुसऱ्या आज्ञावलीत संचिका उघडली की गाठोडे सुटून पुन्हा ‘दिंडी’ हीच अक्षरे येतात.